फायटर माशासाठी टाकी घ्यायची आहे. केवढी घेऊ, कशी घेऊ?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

लेकीच्या वाढदिवसाला फायटर मासा आणायचं घरात ठरलंय. मासा अजून घेतलेला नाही. आधी टाकी, मग मासा, हा तिचाच हट्ट आहे आणि मला तो पटलाय. पण टाकी बघायला बाहेर पडलो आणि गोंधळ वाढला. एका दुकानदाराने गोल काचेचा बाऊल हातात ठेवला. "फायटरला काही लागत नाही साहेब. हवा नको, फिल्टर नको. आठवड्याला पाणी बदललं की झालं." दुसरीकडे टेबलावर ठेवायचा चौकोनी क्यूब दाखवला, लाइटसकट. अजून एकाने सरळ दोन फुटी टाकी घ्या म्हणून सांगितलं.

आम्ही नाशिकला फ्लॅटमध्ये राहतो. पाणी महापालिकेचं, उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवते. थंडी कशी पडते ते तुम्हाला ठाऊक आहेच. हॉलमध्ये कडप्प्याची भिंतीतली फळी आहे, साधारण दीड फूट खोल, तिथे ठेवायचा विचार आहे. गणपतीत आठवडाभर गावी जातो, घर बंद असतं.

किती लिटरची घ्यावी? फिल्टर आणि हीटर खरंच लागतो का? ओळखीतल्या एकाकडे जुनी टाकी पडून आहे, ती चालेल का? अनुभवी लोकांनी जरा सविस्तर सांगा.

शेवाळप्रेमी

गोदाकाठ, मासा आणायच्या आधी विचारताय हे फार बरं केलंत. लेकीला शाबासकी सांगा.

"फायटरला काही लागत नाही" हे वाक्य कुठून आलं ते आधी बघू, म्हणजे टाकीचा हिशोब आपोआप कळेल. फायटरच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर घड्या घड्यांचा एक अवयव असतो, लॅबिरिंथ म्हणतात त्याला. त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवेचा घोट घेतो आणि त्यातला प्राणवायू वापरतो. आपल्याकडचा मरळ मासाही हवेतून श्वास घेतो, त्याची रचना थोडी निराळी. म्हणून पाण्यात प्राणवायू कमी असला तरी फायटर लगेच गुदमरत नाही. गोल्डफिश ज्या पाण्यात दिवसभरात मरेल, त्यात हा तग धरून राहतो. दुकानदाराने बघितलेलं सत्य एवढंच.

पण मासा फक्त श्वास घेत नाही, खातो आणि घाण करतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो, उरलेलं खाणं कुजलं की त्यात भर पडते. अमोनिया कल्ले जाळतो, पर कुरतडल्यासारखे करतो. हवेचा घोट घेऊन त्यापासून सुटका नाही. एकच मासा, तेवढंच खाणं. ते तीन लिटरच्या बाऊलमध्ये पडलं आणि तीस लिटरच्या टाकीत पडलं, तर बाऊलमध्ये विष दहापट दाट होतं. टाकीच्या आकाराचं सगळं गणित या एका ओळीत आहे.

माझ्या मते एका फायटरला प्रत्यक्ष भरलेलं पाणी २० लिटर तरी असावं. बाहेरदेशी ५ गॅलनचा नियम सांगतात. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, म्हणजे तेही १९ लिटरच्या आसपास जातं. दहा लिटरच्या खाली विचारच करू नका. जागा आणि बजेट असेल तर तीस-चाळीस लिटरला जा, सांभाळायला ती छोटीपेक्षा सोपी पडते. नवशिक्याने लहान टाकीपासून सुरुवात करावी असं लोक म्हणतात, मला ते अगदी उलटं वाटतं. लहान टाकी चुका माफ करत नाही.

आता इंचांतून लिटर. दुकानात सगळं इंचात बोलतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिघांचा गुणाकार करा, १००० ने भागा. १२×८×८ इंचांची जी छोटी टाकी सगळीकडे मिळते ती काठोकाठ भरून साडेबारा लिटर होते. खडी टाकली, वरून दोन इंच रिकामं सोडलं की उरलं आठ-नऊ लिटर. १५×१०×१० काठोकाठ साडेचोवीस लिटर. १८×१२×१२ म्हणजे साडेबेचाळीस. ही शेवटची दहा इंचांपर्यंत भरली तर पस्तीस लिटर होतात, खडी आणि काचेची जाडी वजा जाता तीस-बत्तीस लिटर पाणी हातात राहतं. तुमच्या फळीवर मी हीच ठेवीन.

रानवारा

बाऊल नको. त्याच्या वक्र काचेतून मासाही वेडावाकडा दिसतो, आणि काठापर्यंत भरला की वरचं तोंड इतकं लहान होतं की हवा लागायला जागाच उरत नाही. शेवाळप्रेमी ताईंना पूर्ण अनुमोदन.

तळ्यातमळ्यात

मला थोडं वेगळं म्हणायचंय. आमच्या काकांकडे लोणच्याच्या मोठ्या बरणीत फायटर होता, दोन वर्षांच्या वर जगला. काका रोज सकाळी अर्धं पाणी बदलायचे, न चुकता. मासा रंगाने टवटवीत होता. त्यामुळे लहान भांड्यात तो मरतोच, असं मी म्हणणार नाही. ज्याला परवडत नाही, जागा नाही, त्याने फायटर पाळूच नये का?

चाओफ्रायाकाठी

मी नोकरीनिमित्त बँकॉकला असतो, म्हणून या धाग्यात डोकावलो. हा मासा मुळात इथला. चाओफ्राया नदीच्या खोऱ्यातली भातशेतं, दलदली, गवताळ डबकी हे त्याचं घर. १९१० मध्ये रेगन या ब्रिटिश मत्स्यतज्ज्ञाने त्याला बेटा स्प्लेंडेन्स हे शास्त्रीय नाव दिलं आणि २०१९ मध्ये थायलंड सरकारने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केलं. झुंजीसाठी इथे तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेलाय.

चातुचक बाजाराजवळच्या मासेबाजारात गेलं की बाटल्यांच्या रांगाच रांगा दिसतात, प्रत्येकीत एक नर. बघणाऱ्याला वाटतं की हा मासा असाच ठेवायचा असतो. पण ती विक्रीची मांडणी आहे. दोन नर शेजारी आले की फाडाफाडी होते, म्हणून वेगळे ठेवलेले. पैदास करणारे पिल्लं वाढवतात ती मोठ्या हौदांत आणि टाक्यांत. नर भांडायला लागले की मग त्यांना बाटल्यांत घालतात, आणि ते पाणी माणसं लावून सतत बदललं जातं. आपल्याकडच्या दुकानातला प्लास्टिकचा ग्लास हा त्याच साखळीतला शेवटचा टप्पा आहे.

आणि भातशेत उथळ असलं तरी छोटं नसतं. पाणी घोट्याएवढं, पण आडवं पसरलेलं, गवताने गच्च भरलेलं. मासा त्यात हवा तेवढा फिरतो. उन्हाळ्यात पाणी आटतं, गढूळ होतं, तेव्हा हवेतून श्वास घ्यायची सोय त्याला तारते. ती त्याची अडचणीतली सोय आहे, बारमाही राहणी नव्हे. टाकी निवडताना यातलं एक घ्या: उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची. उभी, बारीक, शोभेची टाकी फायटरला चुकीची. त्याला दर थोड्या वेळाने वर यावं लागतं, आणि लांब परांचा हाफमून नर ते ओझं घेऊन दीड फूट वर-खाली करून दमतो.

शेवाळप्रेमी

चाओफ्रायाकाठी, सुंदर माहिती. दुकानातल्या हाफमून आणि क्राउनटेल जाती माणसाने निवडून निवडून केलेल्या आहेत. रानातला फायटर आखूड परांचा असतो, साधारण आज प्लाकाट नावाने मिळतो तसा. प्लाकाट चपळ, त्याला लांब टाकी दिली की अक्षरशः येरझाऱ्या घालतो. लांब परांच्या नराला पोहायची लांबी तेवढीच द्या, पण मध्ये टेकायला जागा ठेवा. अनुबियास या पाणवनस्पतीचं रुंद पान पृष्ठभागापासून दीड-दोन इंच खाली येईल असं लाकडाला बांधलं की मासा त्यावर आडवा होऊन झोपतो, आणि श्वासासाठी वर यायला एक झटका पुरतो.

तळ्यातमळ्यात, तुमच्या काकांच्या बरणीबद्दल मला आदरच आहे. रोज अर्धं पाणी बदलणं म्हणजे त्या माणसाने फिल्टरचं काम स्वतःच्या हाताने केलं. पण ते एक दिवसही न चुकता जमणारे किती? तापाने अंथरुणाला खिळलो, लग्नाला गावी गेलो, की तीन लिटरच्या पाण्यात दोन-तीन दिवसांत विष साचतं. शिवाय रोज अर्धं पाणी बदललं की तापमानही रोज वरखाली होतं. मासा साधारण तीन वर्षं जगतो, चांगल्या निगेत चार-पाच. आणि परवडण्याचं म्हणाल तर साधी काचेची टाकी आणि स्पंज फिल्टर हे शोभेच्या बाऊल-लाइट-रंगीत खड्यांच्या सेटपेक्षा बरेचदा स्वस्त पडतं.

गोदाकाठ

वा, बाऊल आणि क्यूब दोन्ही यादीतून गेले. १८×१२×१२ फळीवर बसते, मोजून पाहिलं. आता काचेबद्दल सांगा. ती जुनी टाकी एका बाजूला पांढरट झाली आहे, आणि कोपऱ्यातलं सिलिकॉन थोडं सुटलंय असं वाटतं. ॲक्रिलिकची हलकी मिळते, ती कशी?

काचकाम

काचेच्या टाक्या बांधायचं काम मी बरीच वर्षं केलंय, त्यामुळे हे माझ्या विषयातलं.

काचेवर दाब पडतो तो पाण्याच्या उंचीमुळे. टाकी लांब आहे म्हणून तळाशी दाब वाढत नाही, उंच आहे म्हणून वाढतो. बारा इंच उंचीच्या दीड फुटी टाकीला ५ मिमी काच निवांत पुरते. ४ मिमीत बांधून देणारेही भेटतील, तुम्ही ५ चाच आग्रह धरा, किंमतीत फार फरक पडत नाही. ॲक्रिलिक हलकं असतं खरं, पण शेवाळ पुसताना खडीचा एक कण स्पंजखाली आला की कायमचा ओरखडा उठतो. घरात मूल टाकी साफ करणार असेल तर काचच घ्या.

दुकानात टाकी बघताना ती रिकामी उचलून उजेडाकडे धरा. आतल्या जोडांत सिलिकॉनची रेघ सलग दिसली पाहिजे. काच-काच चिकटली आहे तिथे मध्ये बुडबुडे किंवा चंदेरी चकत्या दिसल्या तर तिथे सिलिकॉन धरलेलं नाही, ती टाकी बाजूला ठेवा. मग आतल्या कोपऱ्यातून नख हलकं फिरवा. चांगलं सिलिकॉन रबरासारखं दबतं आणि परत येतं, कड उचलली जात नाही. वरच्या कडा घासलेल्या आहेत का ते बोटाने नाही, कागदाने बघा. कागद अडकला तर कड कच्ची आहे, रोज हात घालताना कापेल. शेवटी टेपने वरच्या तोंडाचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तर टाकी काटकोनात आहे, झाकण नीट बसेल.

नवीन टाकीला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर सिलिकॉन अजून पिकलेलं नाही. वास पूर्ण जाईपर्यंत उघडी ठेवा, मग धुवा. आणि स्वतः डागडुजी करणार असाल तर बाथरूमसाठी मिळतं ते बुरशीरोधक सिलिकॉन अजिबात वापरू नका. त्यातलं औषध माशांना विषारी असतं.

जुन्या टाकीचं: पांढरटपणा हा पाण्यातल्या क्षारांचा थर आहे. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर चिकटवून ठेवा, बराचसा निघतो. साबण नको. पण कोपरा सुटलाय म्हणताय तिथे मी धोका पत्करणार नाही. बाल्कनीत सपाट जागी वर्तमानपत्र अंथरून त्यावर काठोकाठ भरून दोन दिवस ठेवून बघा. कागद ओला झाला तर सगळ्या आतल्या रेघा कापून नव्याने भराव्या लागतील. जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही, त्यामुळे नुसतं वरून लिंपणं म्हणजे गळती पुढे ढकलणं. एवढं करण्यापेक्षा नवी बांधून घ्या.

कडप्प्याची फळी दोन्ही टोकांना भिंतीत गेलेली आहे ना? वजन मोजा. पाणी ३५ किलो, काच सात-साडेसात, खडी पाच-सहा. एकूण पन्नासच्या घरात. कडप्पा जाड असला तरी मधोमध आधार नसेल तर एक कडप्प्याचाच उभा तुकडा खाली लावून घ्या. फळीवर पाणसळ ठेवून बघा. टाकीखाली थर्मोकोलची शीट हवीच. कडप्प्यावर खडबडीतपणा असतो, एखादा उंचवटा तळाच्या काचेला एकाच बिंदूवर टोचत राहतो आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी मध्यरात्री काच तडकते.

वऱ्हाडी_पाऊस

काचकाम काका, जतन करून ठेवावा असा प्रतिसाद.

मी नागपूरकडचा, तापमानाबद्दल लिहितो. फायटरला २५ ते २८ अंश सेल्सिअस मानवतं. आपण म्हणतो भारत गरम देश, हीटर कशाला. मुंबईत, रत्नागिरीत कदाचित वर्षभर चालून जाईल. नाशिकला मात्र डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी झाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. घरात तेवढं नसलं तरी टाकीतलं पाणी पहाटे १७-१८ वर सहज जाईल. मासा सुस्त होतो, खाणं टाकतो, पर मिटून तळाशी बसतो, आणि लोक म्हणतात आजारी पडला.

तुमच्या तीस-बत्तीस लिटरला ५० वॅटचा थर्मोस्टॅटवाला हीटर पुरेल. २६ वर लावा. सोबत काचेचा साधा थर्मामीटर घ्या, हीटरच्या आकड्यावर विसंबून राहू नका. पाणी बदलायच्या आधी हीटर बंद करून पंधरा मिनिटं थांबा, गरम नळी उघडी पडली आणि गार पाणी लागलं की तडकते. आणि वायर प्लगकडे जाताना आधी खाली लोंबू द्या, मग वर प्लगला न्या. वायरवरून ओघळलेलं पाणी त्या खालच्या वळणावरून गळून पडतं, सॉकेटमध्ये शिरत नाही.

आमच्याकडे उलटा प्रश्न. मे महिन्यात कूलर लावूनही पाणी ३३-३४ वर जातं. बर्फाची बाटली टाकू नका, एकदम खाली आणि पुन्हा वर असा झटका बसतो. मी झाकणाऐवजी जाळी ठेवतो आणि छोटा पंखा पृष्ठभागावरून तिरका सोडतो. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पाणी लवकर आटतं, तेवढं क्लोरीन काढलेलं पाणी रोज वरून घालायचं. मोठ्या टाकीचा इथेही फायदा: जास्त पाणी हळू तापतं आणि हळू निवतं. क्यूबमधलं पाणी दुपारी आणि पहाटे अगदी वेगळं असतं.

गोदाकाठ

झाकणाशिवाय चालेल का? आणि फिल्टरचा आवाज रात्री हॉलमध्ये त्रास देईल का? आमची आई तिथेच झोपते.

शेवाळप्रेमी

झाकण किंवा जाळी हवीच. फायटर उडी मारतो, आणि चांगली मारतो. वायर जाते तिथल्या फटीतूनसुद्धा बाहेर पडल्याची उदाहरणं आहेत. पाणी आणि झाकण यांत दोन इंच मोकळी हवा ठेवा. ती हवा झाकणामुळे दमट आणि उबदार राहते, हिवाळ्यात त्याला गार हवेचा घोट घ्यावा लागत नाही. उन्हाळ्यात वऱ्हाडी_पाऊस यांच्यासारखी जाळी, हिवाळ्यात काच, असं आलटून पालटून करता येतं.

फिल्टरमध्ये स्पंज फिल्टर घ्या. एअर पंपाच्या हवेने चालतो, प्रवाह मंद असतो. दुकानात मिळणारा पाण्याखालचा पॉवर फिल्टर या टाकीत लावला तर लांब परांचा मासा प्रवाहात फरफटत राहतो. कधी मासा एकाच कोपऱ्यात दिवसभर लपलेला दिसला तर आधी प्रवाह बघा. आवाजाचं म्हणाल तर पंप कडप्प्यावर थेट ठेवू नका, फळी गुणगुणते. योगा मॅटच्या तुकड्यावर ठेवा किंवा टांगा. नळीत एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेली की टाकीतलं पाणी नळीवाटे उलटं येऊन पंपात उतरतं. हवा कमी-जास्त करायची प्लास्टिकची चावी मिळते, तीही घ्या. बुडबुडे बारीक ठेवले की आईंना काही ऐकू येणार नाही.

फिल्टर हवेसाठी नाही, हे लेकीला समजावून सांगा. स्पंजमध्ये जिवाणू राहायला येतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य, आणि आठवड्याला पाव पाणी बदललं की आटोक्यात राहतं. म्हणून स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने सगळे जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा पिळायचा, बस.

तळ्यातमळ्यात

ताई, पटलं. फिल्टर म्हणजे कारंजं असाच माझा समज होता. मग एवढी तीस लिटरची टाकी घेतलीच तर त्यात दोन फायटर? किंवा सोबत गप्पी? एकटा मासा केवढ्याशा जागेत फिरणार, टाकी रिकामी वाटेल.

रानवारा

दोन नर कधीच नाही, टाकी कितीही मोठी असली तरी. नर-मादी फक्त पैदाशीपुरते, तेही नजरेसमोर. नर पृष्ठभागावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो, अंडी तिथे ठेवून राखण करतो, आणि अंडी घालून झाल्यावर मादीलाच हाकलून मारतो. चार-पाच माद्या एकत्र ठेवायचे व्हिडिओ फिरतात, नवीन माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. गप्पीची रंगीत शेपूट बघून त्याला दुसरा नर वाटतो. टायगर बार्ब उलट फायटरचेच पर कुरतडतो.

सोबत हवीच तर एखादी नेराइट गोगलगाय. शेवाळ खाते, आणि गोड्या पाण्यात तिची पिल्लं जगत नाहीत, म्हणून संख्या वाढत नाही. कोळंबी ठेवली तर काही फायटर तिच्याकडे बघत नाहीत, काही एका रात्रीत संपवतात. ते माशाच्या स्वभावावर.

टाकी रिकामी वाटते ती झाडं नसली की. माशाने भरायची नसते ती.

माडाच्याखाली

झाडांचा विषय निघालाच आहे तर रत्नागिरीहून थोडं. प्लास्टिकची झाडं घेऊ नका. घेतलीच असतील तर जुना नायलॉनचा पायमोजा त्यावरून ओढून बघा, धागा अडकला तर पर फाटणार. जावा फर्न, अनुबियास, जावा मॉस कमी उजेडात जगतात. पहिल्या दोघांचं जाड आडवं खोड खडीत पुरायचं नाही, कुजतं. लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधायचं. वर थोडं तरंगणारं सॅल्व्हिनिया सोडलं की उजेड मवाळ होतो आणि मासा मोकळेपणाने फिरतो. मात्र अर्धा पृष्ठभाग उघडा ठेवा, त्याला श्वास घ्यायचाय. फुलदाणीत वर पीस लिलीचं झाड आणि खाली फायटर, असं शोभेचं जे विकतात त्यात हीच गोम आहे. मुळांनी तोंड बुजतं, आणि मासा मुळं खाऊन जगतो ही थाप आहे. तो किडे खाणारा मासा आहे, डासांच्या अळ्या हे त्याचं आवडतं खाणं.

आमच्याकडे रस्तोरस्ती देशी बदामाची झाडं आहेत. झाडावरून आपोआप गळलेलं, वाळून तांबूस-तपकिरी झालेलं पान धुऊन टाकीत टाका. पाणी चहासारखं होतं, घाबरू नका. त्यातलं टॅनिन माशाला मानवतं, पाण्याचा सामू (पीएच) किंचित उतरतो. तीस लिटरला एखाद-दुसरं मध्यम पान पुरे. हमरस्त्याच्या कडेचं किंवा फवारणी झालेल्या बागेतलं नको. आणि ओढ्यातलं हायड्रिला उपटून थेट टाकीत टाकू नका. त्याबरोबर चतुराच्या अळ्या येतात, त्या लहान मासे धरतात. टाकीतली जास्तीची झाडंही नदी-ओढ्यात सोडायची नाहीत, उन्हात वाळवून कचऱ्यात.

वऱ्हाडी_पाऊस

सामूवरून आठवलं. गोदाकाठ, टँकरचं पाणी बोअरचं असेल तर जड असणार, सामू आठच्या पुढेही जाऊ शकतो. फायटर तेवढं सोसतो, पण सामू चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. सात सामूला, २५ अंशांना, एकूण अमोनियाच्या एक टक्क्याहूनही कमी भाग घातक रूपात असतो. आठला तो पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणून बोअरच्या पाण्यावर असणाऱ्याने टाकी अजिबात लहान घेऊ नये. घरच्या आरओचं निव्वळ पाणीही घालू नका, त्यात क्षारच उरत नाहीत. महापालिकेचं पाणी ड्रममध्ये साठवून तेच वापरत चला.

क्लोरीनसाठी दुकानात हायपोचे खडे किंवा द्रावण मिळतं, पाकिटावरच्या प्रमाणात. नुसतं उघड्या बादलीत दिवसभर ठेवूनही क्लोरीन उडतो, पण टँकरमध्ये ब्लीचिंग पावडर कधी किती पडेल याचा भरवसा नाही. तिथे हायपो वापराच.

गोदाकाठ

मंडळी, मनापासून आभार. ठरलं ते असं: १८×१२×१२, ५ मिमी, नवी बांधून घेणार. स्पंज फिल्टर, ५० वॅट हीटर, काचेचं झाकण आणि एक जाळी. लेकीने माडाच्याखाली यांचा प्रतिसाद वाचून आजीकडून बदामाची पानं मागवलीसुद्धा. मासा प्लाकाट घ्यायचा म्हणतेय.

दोन शंका राहिल्या. वाढदिवस महिन्याभरावर आहे. टाकी आधी किती दिवस चालू ठेवायची? आणि गणपतीत आठवडाभर घर बंद असेल तेव्हा काय?

शेवाळप्रेमी

टाकी या आठवड्यात मांडा. पाणी, झाडं, फिल्टर, हीटर सगळं चालू करा, मासा मात्र अजून नाही. रोज चिमूटभर मासेखाद्य टाका. ते कुजून अमोनिया होईल आणि त्यावर जिवाणू वाढतील. साधारण चार ते सहा आठवडे लागतात. कोणा ओळखीच्यांची निरोगी, जुनी टाकी असेल तर त्यांच्या चालू फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा, बराच वेळ वाचतो. अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं थेंबांचं किट घ्या. खाणं टाकूनही दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं की टाकी तयार. वाढदिवसापर्यंत तसं झालं नाही तर त्या दिवशी लेकीला किट आणि टाकी द्या, मासा शून्य आल्यावर तिनेच निवडून आणू दे. निवडताना ग्लास हळूच उचलून बघायचं: बोट दाखवल्यावर वळून बघणारा, पर पसरणारा, पोट खपाटीला न गेलेला मासा.

गणपतीचं सोपं आहे. धडधाकट मोठा फायटर आठवडाभर खाण्याशिवाय राहतो. निघायच्या आदल्या दिवशी पाव पाणी बदला, हीटर त्या दिवसांत लागणार नाही, फिल्टर चालू राहू द्या, लाइट बंद. शेजाऱ्यांना खायला घालायला सांगू नका. प्रेमाने मूठभर टाकतात आणि पाणी नासतं. पाण्याची पातळी बघा आणि पंप चालू आहे का बघा, एवढंच सांगा.

काचकाम

गोदाकाठ, बांधून घेताना वरच्या कडेला आतून काचेच्या दोन अरुंद पट्ट्या लावायला सांगा, झाकण त्यावर बसेल आणि ओघळ टाकीतच पडेल. झाकणाचा मागचा एक कोपरा तिरका कापून घ्या, वायर आणि नळी तिथून जाईल. कापलेली फट बोटभरच ठेवा आणि तिथे स्पंजचा तुकडा खोचा. थर्मोकोल अर्ध्या इंचाचा चालेल, टाकीपेक्षा सगळीकडून थोडा मोठा कापा.